ताडघर, वाफा सात

१

बागेत पाच हजारांवर झाडं होती आणि त्यातल्या प्रत्येकाची ओळख ठमीच्या हाताखालून गेलेली होती. ठमी पाट्या करायची. वीतभर लांबीची काळी प्लास्टिकची पट्टी यंत्रात सरकवायची. सुई फिरली की वरचा काळा थर निघायचा आणि खालची पांढरी अक्षरं उघडी पडायची. झाडाचं नाव, कुठून आलं, कोणत्या साली आलं आणि वरच्या कोपऱ्यात नोंदीचा आकडा. बाई बेचाळीस वर्षांची, पण सगळी बाग तिला ठमीच म्हणायची, कारण तिचे वडील तिला ठमी म्हणत आणि वडील म्हणजे बागेचे मुख्य माळी, आप्पा. आप्पांनी एखाद्याला दगड म्हटलं असतं तर बागेतल्या लोकांनी त्याला शेवाळ धरायची वाट पाहिली असती.

आणि बाग होतीही तशीच, कुणीही वेडं व्हावं अशी. नुसतं ताडघर घ्या. चार मजली उंचीचा काचेचा घुमट, त्याला लोखंडी फासळ्या, मधून वर जाणारा गोल जिना. दार उघडलं की ऊबदार ओली हवा अंगावर यायची आणि लांबून आलेल्या पाहुण्यांची बोलती बंद व्हायची. हौदातल्या कमळांची पानं परातीएवढी, काठ दुमडलेली. एक कंद असा, की नऊ वर्षांतून एकदा माणसाच्या उंचीचं फूल काढायचा आणि दोन दिवसांत मिटून मोकळा व्हायचा. त्या दोन दिवसांत आप्पा घरी जेवायलासुद्धा येत नसत.

बागेचा एक नियम होता: पाटी सांगते तेच झाड. डोळ्यांना काय दिसतं ते नंतर. एकदा दोन पाट्यांची अदलाबदल झाली आणि खडकावरचं एक रोप वर्षभर डबक्यात उभं राहिलं. बिचारं सडलं, पण नियमाप्रमाणे सडलं. दुसरा नियम असा, की एकदा दिलेला आकडा पुन्हा कुणाला द्यायचा नाही आणि खोडायचाही नाही. झाड गेलं की पाटी ठमीच्या खोलीत परत यायची आणि सगळ्यात खालच्या खणात जायची. त्या खणाला शेवटचा खण म्हणत.

आणि एक रीत होती, थट्टेची. कुणी निवृत्त झालं की त्याचीही पाटी करायची. नाव, कुठून आलं, किती साली आलं. सगळे हसायचे, तो माणूस डोळे पुसायचा आणि पाटी घरी नेऊन भिंतीवर लावायचा. मात्र अशा पाटीचा आकडा शून्याने सुरू करायचा, म्हणजे कॉम्प्युटर तो घेत नाही आणि नोंदींत घोळ होत नाही. ठमीने अशा बावीस पाट्या केल्या होत्या, बावीसही शून्याच्या.

तेविसावी आप्पांची होती. शून्यापाशी तिचा हात अडला. ज्या माणसाने एकेचाळीस वर्षं या बागेची पानं पुसली त्याची पाटी खोटी कशी करायची? तिने खरा आकडा घेतला, नोंदवहीतला पुढचा. मग तो कॉम्प्युटरमध्ये घालणं आलं आणि कॉम्प्युटर एकही रकाना मोकळा सोडू देत नव्हता. मूळ ठिकाण: विचारू नये, तासभर सांगतं. जागा: ताडघर, वाफा सात. देखभाल: अकराला पाणी, दर शनिवारी पाव वळण, वाऱ्यात ठेवू नये, दुपारी कुणीतरी बोलावं. केळीच्या बुडाशी जसं पिल्लू निघतं तसं काही असलं तर त्याचाही रकाना होता. तिथे तिने लिहिलं: पिल्लू, एक. आणि हसत हसत बटण दाबलं.

निरोपाच्या दिवशी अधीक्षकबाईंनी भाषण केलं. आप्पांनी पाटी हातात घेतली, चष्मा पुसला आणि पुन्हा वाचली.

"ठमे, हा आकडा शून्याचा नाही."

"तुमची पाटी खोटी कशी करू, आप्पा?"

आप्पांनी आकड्यावरून अंगठा फिरवला. मग म्हणाले, "नोंद झाली की झाली, बरं का." सगळे हसले. ठमी तर सगळ्यात जास्त हसली.

२

माणूस निवृत्त झाला तरी सवय कुठे निवृत्त होते! आप्पा रोज सकाळी ठमीबरोबरच बागेत येत. ती आपल्या खोलीत यंत्रापाशी बसे आणि ते ताडघरात, सातव्या वाफ्यालगत, एका वेताच्या खुर्चीवर. पाटी त्यांनी गंमत म्हणून खुर्चीच्या पायाशी रेतीत खोचली होती. पाहुणे ती वाचत, हसत, फोटो काढत आणि आप्पा त्यांना धरून बसवत.

बोलायचे ते जगातल्या बागांबद्दल. आप्पा स्वतः शंभर मैलांपलीकडे कधी गेले नव्हते, पण दरवर्षी बागा एकमेकींना आपल्याकडच्या झाडांची यादी पाठवतात आणि पाकिटांतून बियांची देवघेव करतात. तीस वर्षांच्या याद्या आप्पांना तोंडपाठ होत्या. एका बागेत म्हणे काचघराला वाफेची ऊब देतात आणि बाहेर बर्फ पडत असताना लोक आत येऊन कोट काढून बसतात. एका बागेत नुसते दगड आणि काटे, आणि तरी बघणाऱ्याचा पाय निघत नाही. एका बेटावर ताडांचा असा रस्ता आहे की त्याच्या टोकाला उभा माणूस मुंगीएवढा दिसतो. पण आप्पांचा जीव जडला होता तो डोंगरावरच्या बागेवर. तिथल्या माळ्याने एकदा बियांच्या पाकिटावर पेन्सिलीने एक ओळ लिहिली होती: आज ढग बाकापर्यंत आले होते. ते पाकीट आप्पा वरच्या खिशात ठेवत.

"एकदा जाऊन येऊ, ठमे," ते म्हणत.

"पुढच्या वर्षी, आप्पा." पाच वर्षं ती हेच म्हणत आली होती. कामं निघत, त्यांचे गुडघे दुखत. आणि खरं सांगायचं तर तिला भीती वाटे, की एवढं बघितल्यावर त्यांना घर नकोसं होईल. आई गेल्यापासून घरात दोघंच. आप्पा सोडून तिचं होतं कोण?

पहिली खटकलेली गोष्ट अगदी किरकोळ होती. संध्याकाळी घरी जाताना आप्पांच्या बुटांतून चपचप आवाज आला. ताडघरात फवारे असतात, उडालं असेल पाणी. दुसऱ्या दिवशीही आवाज आला, तिसऱ्या दिवशीही. शिवाय कोटाची खालची कड रोज ओली.

मग खुर्ची. शुक्रवारी ती हौदाकडे तोंड करून होती आणि शनिवारी दुपारी जिन्याकडे. पुढच्या शनिवारी दाराकडे. त्यापुढच्या शनिवारी भिंतीकडे, आणि त्या आठवड्यात आप्पा भिंतीकडे तोंड करून पाहुण्यांशी बोलत राहिले. चौथ्या शनिवारी खुर्ची फिरून पुन्हा हौदाकडे आली. कुंडीतलं झाड उजेडाकडे झुकून वाकडं वाढू नये म्हणून बागेत कुंड्या अशाच फिरवतात, दर आठवड्याला चौथा हिस्सा. ठमीला हे लहानपणापासून ठाऊक होतं, म्हणूनच कदाचित तिला ते दिसायला चार आठवडे लागले.

३

ताडघरातलं पाणी झारीकाका बघायचे. साठीचा, सरळ नाकाचा माणूस. कागदावर लिहिलेलं असेल ते केल्याशिवाय चहा न घेणारा. ठमीने त्यांना हौदापाशी गाठलं.

"काका, आप्पांची खुर्ची कोण फिरवतं?"

"मीच की. का, उलटी फिरली?"

"आणि त्यांच्या बुटांत पाणी?"

"बुटांत नाही घालत ग. बुडाशी घालतो. अकराला, दीड झारी." काकांनी खिशातून आठवड्याचा छापील कागद काढला आणि बोट ठेवलं. ताडघर, वाफा सात. आकडा, देखभाल, सगळं तिच्याच शब्दांत.

ठमीला आधी हसूच आलं. "अहो, ती थट्टा होती! तुम्ही जिवंत माणसाला पाणी घालत होतात?"

"जिवंत आहे म्हणूनच घालतो ना," काका म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता. "आणि मानवलंय हो त्यांना. शेऱ्यात लिहिलंय मी, बघ."

शेऱ्याच्या रकान्यात काकांच्या टपोऱ्या अक्षरात चार आठवड्यांचं लिहिलेलं होतं. प्रकृती ठीक. प्रकृती ठीक. तरारी चांगली. आणि कालच्या तारखेला: नवी पालवी.

"कुठली पालवी, काका?"

"मानेमागं बघ. कॉलरच्या आत." असं म्हणून ते झारी घेऊन पुढच्या वाफ्याकडे गेले.

ठमी आप्पांजवळ गेली. ते दोन पाहुण्यांना बर्फातल्या काचघराचं सांगत होते. चेहरा टवटवीत, आवाज खणखणीत, दहा वर्षांनी तरुण दिसत होते. कॉलर वर केलेली होती. तिने हात पुढे केला आणि मागे घेतला. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण तिला ते काकणच बघायचं नव्हतं. म्हातारपणी केस कुठेही उगवतात, तिने स्वतःला समजावलं. काकांची नजर अधू झालीय. तेवढ्यात तिचं लक्ष खाली गेलं. बूट खुर्चीशेजारी नीट जोडून ठेवलेले होते. आप्पांचे पाय घोट्यापर्यंत रेतीत होते.

"गार वाटतं," आप्पा म्हणाले. त्यांनी पाय मात्र हलवले नाहीत.

ठमी तडक खोलीत गेली आणि तिने कॉम्प्युटर उघडला. देखभालीचा रकाना पुसला तर कॉम्प्युटर पुढे जाईना. नोंद काढायला गेली तर त्याने कारण विचारलं आणि दोनच कारणं दाखवली: मृत, किंवा दुसऱ्या बागेस दिले. तिसरं काही नव्हतं. चुकून झालं, वेडेपणाने झालं, मायेपोटी झालं, याला रकाना नव्हता.

अधीक्षकबाईंचं टेबल नेहमीसारखं याद्यांनी भरलेलं होतं. ठमीने सगळं सांगितलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बाई, ते माझे वडील आहेत."

"मला माहीत नाही का? निरोपाचं भाषण मीच केलं." बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. "पण आकडा तूच दिलास ना? मग आता मी काय लिहू, मृत?"

"नको!" ठमी एवढ्या जोरात ओरडली की बाहेरचा शिपाई डोकावला.

"मग राहू दे. छान चाललंय त्यांचं. मी स्वतः बघून आले," बाई म्हणाल्या आणि पुढची यादी ओढून घेतली.

४

दुसऱ्या दिवशी ठमीने रजा टाकली आणि आप्पांनाही घरी ठेवलं. आदल्या संध्याकाळी येताना तिने पाटी रेतीतून उपटून पिशवीत घातली होती. तिचा विचार असा, की पाटीच नसली तर काका कशाला पाणी घालतील? घर दोन खोल्यांचं, स्वयंपाकघराला एक खिडकी, तीही शेजारच्या भिंतीकडे तोंड केलेली. तिथून सकाळी तासभर ऊन येई.

आप्पांनी तो तासभर खिडकीशी काढला. ऊन फरशीवरून सरकलं तसे तेही सरकले. जेवायला बसले, पण भात चिवडून ठेवला आणि तांब्याभर पाणी मात्र एका दमात प्यायले. ठमीने त्यांच्याशी बोलायचा सपाटा लावला. शेजारणीच्या भांडणाचं सांगितलं, आईच्या हातून करपलेल्या लग्नातल्या लाडवांचं सांगितलं. आप्पा हसले, पण हसू पोचायला उशीर लागत होता.

दुसऱ्या दिवशी त्यांचा आवाज बसला. तिसऱ्या दिवशी ओठांना चिरा पडल्या आणि हातांची कातडी कागदासारखी कुरकुरीत लागायला लागली. मान एका बाजूला, खिडकीकडे, कलली ती कललीच. डॉक्टर आले, नाडी बघितली, बराच वेळ बघत राहिले. "ठोके फार सावकाश आहेत," ते म्हणाले, "पण काय दमदार आहेत! यांना काही झालेलं नाही. जरा मोकळ्या हवेत बसवा."

"ठमे," आप्पा त्या दुपारी म्हणाले, "माझी पाटी कुठाय?"

"कशाला हवीय ती? थट्टेची पाटी."

"पाटी नसलेलं झाड... म्हणजे तण." हे तर ते एकेचाळीस वर्षं सगळ्यांना शिकवत आले होते. "तण... उपटतात, ठमे."

ठमीला रडू फुटलं. ती त्यांच्या गुडघ्याशी बसून हुंदके देऊन रडली आणि आप्पा तिच्या डोक्यावर हात ठेवून राहिले. हात हलका होता, वाळल्या पानाइतका. बागेचा दरवाजा उघडायची वेळ दुसऱ्या दिवशी सकाळी आठची होती. ती त्यांना धरून पावणेआठलाच तिथे उभी होती.

ताडघराचं दार उघडलं, ओली हवा आली आणि आप्पांची मान सरळ झाली. अगदी तिच्या डोळ्यांसमोर. ते खुर्चीवर बसले, बूट काढले, पाय रेतीत सरकवले आणि डोळे मिटून असा काही सुस्कारा सोडला, की ठमीला त्यांच्या सुखाचा हेवा वाटला. तिने पाटी पुन्हा जागेवर खोचली. काकांनी काही विचारलं नाही. दीड झारी पाणी घातलं आणि कागदावर लिहिलं: थोडी मरगळ, पुन्हा सावरलं.

मग ठमीचा दिवस असा झाला. सकाळी पाट्या, दुपारी वाफा सात. ती स्टूल घेऊन बसायची आणि बोलायची. जगातल्या बागांच्या याद्या आता ती वाचून दाखवायची, कारण आप्पांना शब्दांना वेळ लागायला लागला होता. संध्याकाळी ती त्यांना धरून घरी न्यायची. आठव्या आठवड्यात तिने त्यांना उठवायचा प्रयत्न केला तेव्हा खालून बारीक तटतट आवाज आला आणि आप्पांच्या चेहऱ्यावर अशी कळ उमटली, की पुन्हा तिने त्यांना उठवलं नाही. त्यानंतर ते रात्रीही तिथेच राहिले आणि ती एकटीच घरी जायला लागली. बागेतल्या कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही. कुंडी कुणी घरी नेतं का?

५

वर्षअखेरीला बागेची यादी छापून जगभर गेली. दीड महिन्याने अधीक्षकबाईंनी ठमीला बोलावलं. बाईंचा चेहरा खुलला होता.

"डोंगरावरच्या बागेचं पत्र आलंय. आपल्याकडचा वाफा सातचा नमुना जगातल्या दुसऱ्या कुठल्याही बागेत नाही, म्हणतात. मागणी केलीय. न्यायला त्यांची बाई स्वतः येणार आहे." बाईंनी कागद पुढे सरकवला. "आपल्या बागेचा केवढा मान! पण नोंद तुझ्या हातची, सही तुझी लागेल."

ठमी कागद घेऊन ताडघरात आली. दुपारचं ऊन घुमटातून झिरपून खाली येत होतं, पानांच्या सावल्या रेतीवर हलत होत्या. इतकी सुंदर जागा तिने आयुष्यात दुसरी पाहिली नव्हती आणि त्या घडीला तिला ती जाळून टाकावीशी वाटली. तिने आप्पांना पत्र वाचून दाखवलं. दोनदा.

"जायचंय, आप्पा?"

हौदात कुठेतरी पाण्याचा थेंब पडत राहिला.

"ढग," आप्पा म्हणाले. "बाकापर्यंत... येतात म्हणे."

"आणि मी?"

आप्पांची मान तिच्याकडे वळली, सावकाश, ऊन वळतं तशी. "पिल्लू... वेगळं केलं... की तरारतं." मग त्यांनी वरच्या खिशाकडे बोट नेलं. पाकीट तिथे होतं. बोट नुसतं खिशावर टेकलं.

पाच वर्षं तिने 'पुढच्या वर्षी' म्हटलं होतं. आता पुढचं वर्ष दारात येऊन उभं होतं आणि त्यांची नोंद बंद करायला तिच्याकडे दोनच कारणं होती, 'मृत' हे त्यातलं एक. ठमीने सही केली.

डोंगरावरच्या बागेची बाई एका सकाळी आली. गमबूट, उन्हाने रापलेला चेहरा, हातात गोणपाटाची गुंडाळी आणि छाटणीची कात्री. आप्पांच्या पाटीसमोर ती उकिडवी बसली, तिने पाटी वाचली आणि मग वर बघितलं. तिचे डोळे भरून आले. नऊ वर्षांच्या कंदाला फूल आलं की पाहुण्यांचे येतात तसे. "वा," ती एवढंच म्हणाली. नंतर तिने ठमीला हाताने खूण केली: आता बाहेर थांबा.

बाहेरून काचेवर वाफ धरलेली होती. आत दोन आकृत्या दिसत होत्या, एक बसलेली, एक वाकलेली. गोणपाट फिरत होतं. पायांभोवती, मग वर, अगदी हळुवार, तान्ह्या मुलाला दुपट्यात गुंडाळावं तसं. कात्रीचा आवाज काचेतून येत नव्हता. तरी ठमीने कान झाकून घेतले.

गाडी गेल्यावर ती आत गेली. खुर्ची रिकामी, हौदाकडे तोंड करून. शेजारी बूट नीट जोडून ठेवलेले. रेतीत दोन खळगे होते आणि त्यांच्या कडांना पांढरे, दोऱ्यासारखे तंतू दिसत होते, टोकं नुकतीच कापलेली, ओली. झारीकाका तिच्या मागे येऊन उभे राहिले. त्यांनी टोपी काढली, घड्याळ बघितलं. अकरा वाजले होते. त्यांनी त्या खळग्यांत दीड झारी पाणी घातलं आणि मग कागदावरची ती ओळ आडवी रेघ मारून बंद केली.

६

पाटी शेवटच्या खणात टाकायला ठमीचा हात होईना. ती तिने टेबलावर ठेवली, यंत्राशेजारी. घरी ती रोज भात एकाच माणसाचा लावायची आणि रोज दोघांचा व्हायचा. दुपारी तिला बोलायची सवय लागली होती, म्हणून ती यंत्राशी बोलायची. यंत्राने कधी मान वळवली नाही.

तीन महिन्यांनी जाड पाकीट आलं. आत एक फोटो होता आणि एक पत्र.

फोटो पाहून ती आधी हरखलीच. आप्पा म्हणत तशीच होती बाग, किंबहुना जास्तच. हिरवा उतार, त्यावर जुने वृक्ष, खोडांवर नेचे, आणि ढग खरोखर उतरून बाकापर्यंत आलेले. बाकाशेजारी परक्या लिपीतली नवी कोरी पाटी. तिच्यामागे एक कोट. कोटाची बाही ओळखीची होती, कोपराचं ठिगळ तिनेच लावलेलं होतं. बाहीतून जे बाहेर आलं होतं त्यावर तिने अंगठा ठेवला आणि उरलेला फोटो पुष्कळ वेळ बघितला.

पत्र छोटं होतं. नमुना सुखरूप पोचला. लावला. पहिला महिना उत्तम, आमच्या बागेचं ते भूषण झालं आहे, लोक लांबून बघायला येतात. पण आता नवं पान एकही नाही, जुनी कडेने वाळत आहेत. पाणी, ऊन, पाव वळण, सगळं तुमच्या नोंदीप्रमाणे चाललं आहे. दुपारी बोलतोही. आमच्याकडे चार भाषा आहेत, चारही बोलून पाहिल्या. ते ऐकतं, पण वळत नाही. तुमच्या नोंदीत 'पिल्लू, एक' असं दिसतं. ते अजून तुमच्याकडे असल्यास कृपया कळवावं.

ठमीने पत्राची घडी घातली. पिल्लू वेगळं केलं की तरारतं म्हणतात. तिने स्वतःच्या हातांकडे बघितलं. ते तीन महिन्यांत बरेच वाळले होते. बाहेर बाग उन्हात झळाळत होती, पाहुणे माना वर करून घुमट बघत होते, कुणीतरी म्हणालं, "काय जागा आहे!" खरंच होतं ते. पण जगात आणखी एक जागा होती आणि तिथे तिचं माणूस चार भाषांत गप्प बसलं होतं.

त्या दिवशीच्या सतरा पाट्या तिने आधी पुऱ्या केल्या, काम अर्धवट टाकायची तिची पद्धत नव्हती. मग एक कोरी काळी पट्टी यंत्रात सरकवली. सुई फिरली, पांढरा आकडा उघडा पडला. तो शून्याने सुरू होत नव्हता.

कॉम्प्युटरने नेहमीसारखे सगळे रकाने मागितले. मूळ ठिकाण: ताडघर, वाफा सात. जागा: सध्या पाट्यांची खोली, मग डोंगरावरची बाग, बाकाशेजारी. देखभालीपाशी ती जरा थांबली, मग तिने लिहिलं: अकराला पाणी. शनिवारी पाव वळण. दुपारी ह्याच्याशी कुणी बोलायची गरज नाही, ते आपणहून बोलेल.

तिने बटण दाबलं. बूट काढून तिने यंत्राखाली नीट जोडून ठेवले आणि ती झारीकाकांची वाट बघत खिडकीकडे तोंड करून बसली.